माठाखालच्या वाळूतला तांब्या

आत्याबाई, परवा तुम्हाला एका डॉक्टरनं आंधळं लिहून टाकलं. तुमच्या नातवाच्या मुलीला फळ्यावरचं दिसेना म्हणून आम्ही तिला बीडला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर पोरसवदाच होता, पण विचारणं कडक. घरात कुणाला डोळ्यांचा आजार होता का, म्हणाला. मी काही बोलायच्या आत तुमचा नातू, माझा लेक, म्हणाला, "माझ्या आजीला दिसत नव्हतं. मी लहान असल्यापासून तिला हात धरूनच न्यावं लागायचं." डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर लिहिलं. मी शेजारच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. माझं तोंड बंद राहत नाही हे बीडपासून मांजरसुंब्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी राहिलं. असं दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा कधी झालं ते जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

मी चौथी पास. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली आहेत. जोडाक्षरं चुकतील, पण तुम्ही कुठं वाचणार आहात; जिवंतपणीही तुम्हाला वाचता येत नव्हतं. वाचता येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. दुकानाच्या ओट्यावर बसून तुम्ही सडकेपलीकडं उतरलेला पाहुणा कुणाच्या घरचा ते त्याच्या चालीवरून सांगायचात. तुरीच्या डाळीतला खडा तुम्हाला सुपातून नाही, पोत्यातून दिसायचा. गल्लीतल्या सगळ्या बाया सुया घेऊन तुमच्याकडं यायच्या, आणि तुम्ही दोरा ओला न करता पहिल्या झटक्यात ओवायच्या. मी नवी नवरी असताना पिठाच्या डब्यामागं लपवलेला गुळाचा खडा तुम्हाला दारातून दिसला होता. "खा की उघड्यावर," म्हणाला होतात, "चोरून खाल्लेला गूळ काय जास्त गोड लागतोय व्हय?" त्या डोळ्यांना मी मोतीबिंदू चिकटवला.

तेव्हा आपलं दुकान मांजरसुंब्याच्या अलीकडं सडकेला लागून होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, त्याच्यामागं परस. काळ बदलायला लागला होता. ढाब्यांवर रंगीत बाटल्या आल्या होत्या, दुकानाच्या दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, आणि टीव्हीवर बघितलेली धुण्याची पावडर बाया नाव घेऊन मागायच्या. त्यातच महिला मंडळानं बीडला तीन दिवस धुण्याचा साबण करायला शिकवलं. मालकांनी जाऊ दिलं, तुम्ही नाक मुरडलंत. मी शिकून आले आणि स्वतःला मोठी कारखानदारीण समजायला लागले. साबणाचं काम तसं सोपं. सोडा पाण्यात विरघळवायचा, गार होऊ द्यायचा, मग तेलात ओतून ढवळत राहायचं. हा सोडा म्हणजे भजीतला नव्हे. पांढऱ्या पापुद्र्यांसारखा असतो, पाण्यात टाकला की पाणी चुलीवाचून उकळल्यासारखं तापतं, आणि विरघळल्यावर दिसायला नुसतं पाणी. ना रंग, ना वास. शिकवणाऱ्या बाईनं दहा वेळा बजावलं होतं की सोड्याचं भांडं वेगळं ठेवा, त्याला लाल चिंधी बांधा, घरातल्या कुणाच्या हाताला लागेल असं ठेवू नका. मी मान डोलावली होती. मला वाटलं, हे अडाणी बायांसाठी आहे.

आपलं भांडण साबणावरूनच झालं. वस्तीवरची एक बाई दुकानात साबण मागायला आली. मी आत वड्या कापत होते. तुमचा आवाज आला, "हा नगं घेऊ गं बाई. सुनंनं केलाय. ह्यानं मळ निघतो का न्हाई ते ठाऊक न्हाई, हाताचं कातडं मातर निघतंय." ओट्यावर आणखी दोघीतिघी होत्या, त्या हसल्या. मी तशीच सोड्याच्या हातानं बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची जीभ धुवून बघा की त्यानं. ती तरी साफ होती का बघू." बाया आणखी हसल्या. तुम्ही नाही हसलात. तुम्ही पदर सारखा केलात आणि तिला साबण दिलात. मी जिंकले असं मला वाटलं.

त्यानंतर चार दिवस अबोला. आपला अबोला म्हणजे मांजरीची हमाली. तुम्हाला काही सांगायचं असलं की तुम्ही तिच्याकडं बघून म्हणायच्या, "मने, तुझ्या मालकिणीला सांग, डाळीत मीठ न्हाई." मी चुलीपुढून म्हणायचे, "मने, त्यांना सांग, ज्याच्या त्याच्या जिभेवर भरपूर हाय, वरून कशाला पाहिजे." ती बिचारी एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायची. मालक जेवताना खाली मान घालून हसायचे. अबोल्याचा नियम तुम्हीच मला शिकवला होता, जो आधी बोलला तो हरला, आणि मांजरीशी बोललेलं धरायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून आपले सतरा-अठरा अबोले झाले असतील. त्यातला एकही मी जिंकले नव्हते. ह्या वेळी जिंकायचं ठरवलं होतं.

चैत्र संपत आला होता. दुपारी पत्रा तापून खोली भट्टी झाली होती. सोडा विरघळवायला जो प्लास्टिकचा मग होता त्याला तडा गेला होता. मी हात लांबवला तो तुमच्या तांब्याला लागला. स्टीलचा, तुमच्या माहेरचं नाव कोरलेला. दुसरी भांडी नव्हती असं नाही. चार दिवसांचा राग होता, हे तुम्हालाही कळलंच असेल. मी त्यात सोडा विरघळवला. तांब्या हाताला चटके द्यायला लागला. तो लवकर गार व्हावा म्हणून मी तो माठाखालच्या वाळूत ठेवला. विटांचं आळं, त्यात ओली वाळू, त्यावर माठ. घरात तेवढीच एक जागा गार असायची. फोडणीचं ताकसुद्धा मी तिथंच गार करायचे. चिंधी बांधली नाही. बांधू म्हटलं होतं, राहून गेलं.

पुढचं मी सगळ्यांना सांगितलं ते असं की मी परसात तेल तापवत होते. तुम्ही दुकानातून उन्हाच्या आलात, माठाशी गेलात, वाळूत तुमचाच तांब्या भरलेला दिसला आणि तुम्ही तो उचललात. आपल्या घरात तांब्याला तोंड लावायची रीत नाही. तुम्ही नेहमीसारखी मान मागं टाकलीत आणि वरून धार सोडलीत, ती ओठाला न लागता थेट घशात. एकच घोट गेला असेल. तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्ही दोन्ही हातांनी गळा धरला होता. हनुवटीवरून मानेवर जे सांडलं होतं तिथलं कातडं साबणासारखं बुळबुळीत झालं होतं. ओरडायला तुमच्याकडं आवाज उरला नव्हता.

शेजारची काकू पळत आली. आपल्याकडं कापसाचं फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं सगळ्यांनी बघितलेली, त्यामुळं गावात लहान पोरालाही एकच इलाज ठाऊक. "मीठपाणी पाज! उलटी काढ बिगीनं!" काकू म्हणाली. मी तांब्याभर मीठपाणी कालवलं, तुमचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि घशात दोन बोटं घातली. तुम्ही माझा हात ढकलत होतात. मला वाटलं, अबोला अजून सोडत नाहीत. मी जोर केला. जे आलं त्यात रक्त होतं. मग काकू म्हणाली सोडा चिंचेनं मरतो, म्हणून चिंच कोळून दोन चमचे तेही घातलं. तेव्हा तुम्ही जे माझ्याकडं बघितलंत, ते डोळे काही आंधळ्याचे नव्हते. मग मालकांनी काळीपिवळी जीप थांबवली आणि आपण बीडला निघालो.

डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, काय काय पाजलं. मी सगळं सांगितलं. खरं तर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आम्ही वेळ घालवला नाही म्हणून. तो माझ्याकडं बघत राहिला. "बाई, घशातून जाताना त्या सोड्यानं एकदा जाळलं. तुम्ही तोच परत वर आणून दुसऱ्यांदा जाळलं. वरून आंबट घातलं, म्हणजे आत आणखी उकळी." मी म्हटलं, मग काय करायचं होतं. "चूळ भरायची. मानेवरचं भरपूर पाण्यानं धुवायचं. पोटात काहीच घालायचं नाही, उलटी काढायची नाही. सोड्याची पिशवी बरोबर घ्यायची आणि निघायचं. एवढंच." एवढंच, आत्याबाई. सगळ्यात सोपं तेच होतं. काही न करणं मला येत नव्हतं, आणि जिथं करायचं होतं तिथं मी काही केलं नव्हतं.

मग त्यानं तुमचं तोंड बॅटरी लावून बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "ओठाला काही नाही. जीभ थोडीच. घसा मात्र जळलाय. हे कुणी घशात ओतलं का?" मी तांब्याची रीत सांगितली, वरून प्यायची. त्यानं ऐकलं, पण पोलिसांना कळवावंच लागतं म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावर हसलेल्या त्या तिघी उभ्या राहिल्या. चार दिवसांपूर्वी सुनेनं सगळ्यांदेखत सासूला म्हटलं होतं, जीभ धुवून बघा. आता सासूचा घसा त्याच सोड्यानं जळला. कोण मानणार होतं की हे चुकून झालं? माझा मुलगा दुसरीत होता. मला फक्त जेल दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. तुम्ही खाटेवर होतात, हाताला सलाइन, गळ्यातून आवाज नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सांगितलं, "सोड्याचं भांडं मी वेगळं ठेवलेलं, त्याला लाल चिंधी बांधलेली. पण सासूबाईंना दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. चिंधी दिसली न्हाई त्यांना." मालकांनी झटकन माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि मग खिडकीबाहेर. शिपाई तुमच्याकडं वळला. "आजी, तुमाला दिसत न्हाई का?" तुम्ही मान हलवलीत. त्यानं अंगठ्यासाठी कागद पुढं धरला, शाईची डबी धरली. आणि तुम्ही, पोत्यातला खडा हेरणाऱ्या तुम्ही, हात हवेत चाचपडत नेलात. डबी एकीकडं, तुमचा अंगठा दुसरीकडं. शिपायानं तुमचं मनगट धरून अंगठा कागदावर टेकवला आणि "अरेरे" म्हणाला. मी मेलेल्या माणसासारखी उभी होते. जळक्या घशानं, नळ्या लावलेल्या अंगानं तुम्ही तिथल्या तिथं माझं खोटं उचललंत आणि पाठीवर घेतलंत.

त्या दिवशी कपडे आणायचं निमित्त करून मी गावी गेले आणि धुतलेल्या तांब्याला लाल चिंधी बांधून ठेवली. शिपायानं येऊन ती बघितली, लिहून घेतली. प्रकरण तिथंच मिटलं.

तुमचं मात्र तिथून सुरू झालं. डॉक्टरनं तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. हे पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच बघावं लागतं म्हणाला, नंतर आतलं कातडं इतकं नाजूक होतं की भोक पडायची भीती. अन्ननळी बऱ्याच लांबीला भाजली होती. तोंडानं पाण्याचा थेंबही बंद, म्हणून पोटाला छेद देऊन आतड्यात नळी बसवली. ती नळी चालवायला सिस्टरनं मला शिकवलं. पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं वस्त्रगाळ, कोमट. खाटेचं डोकं उंच. हळूहळू सोडायचं आणि शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची, नाही तर तुंबते. ह्या वेळी मी एक अक्षर चुकवलं नाही. आधी ऐकलं असतं तर हे शिकायची वेळच आली नसती, हे रोज दोन-दोन तासांनी त्या नळीत पेज ओतताना मला कळत होतं. पंधरा-वीस दिवसांनी तुमचा आवाज फुटला. घोगरा, कागद चोळल्यासारखा. अबोला सुटल्यावर पहिलं काय बोलाल ह्याची मी धास्ती घेतली होती. शिवी द्याल, नाव घ्याल. तुम्ही म्हणालात, "मांजरीला कोण घालतंय खायला?" मी म्हटलं काकू घालते. "बरं," म्हणालात, आणि डोळे मिटलेत.

घरी आल्यावर तुम्ही खुंटीला टांगलेला तांब्या बघितलात. खोलीत दोघीच होतो. तुम्ही उठून त्याच्याजवळ गेलात, चिंधी दोन बोटांत धरलीत. "ही तुझ्या झंपराची हाय," म्हणालात. "शिवलाया गेल्या दिवाळीत. गाठ बी ताजी. पोलिसाला एवढं बी दिसलं न्हाई, आन् आंधळी मी." मी पाय धरायला वाकले तर म्हणालात, "ऊठ. नळीला धक्का लागंल." बस, एवढंच. तांब्याबद्दल त्यानंतर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत, आणि मी मार खायला तयार असलेल्या जनावरासारखी वर्षानुवर्षं वाट बघत राहिले.

जखम भरायला लागली तेव्हा आपल्याला वाटलं सुटलो. पण ही जखम भरते तीच आवळून. महिन्या-दीड महिन्यात अन्ननळी इतकी आखडली की थुंकीसुद्धा उतरेना, तुम्ही वाटी घेऊन बसायच्या. मग औरंगाबादच्या वाऱ्या. तिथला डॉक्टर आधी बारीक तार आत सोडायचा, मग तिच्यावरून गुळगुळीत दांडी, मग तिच्याहून जाड, मग तिच्याहून जाड. एका खेपेला दोन-तीनच. घाई केली तर नळी फाटेल, म्हणायचा. पंधरा दिवसांनी परत आवळलेली असायची, परत दांड्या. मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. तुम्ही बाहेर यायच्या तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी असायचं आणि तरी एसटीत चढताना हात पुढं करून दांडा चाचपायच्या, कारण बसमध्ये गावची माणसं असायची. मी तुमचं मनगट धरून तुम्हाला बसवायचे. लोक म्हणायचे, सून बघा कशी करते सासूचं. मी ते ऐकून घ्यायचे. तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसायच्या, आणि बस घाटाला लागली की हळूच, ओठ न हलवता म्हणायच्या, "पाटलाच्या रानात औंदा करडई लई बरी हाय गं."

घरात दार लावलं की तुम्ही मी निवडलेली डाळ पुन्हा निवडायच्या आणि खडे माझ्या पुढ्यात ठेवायच्या. दार उघडलं की भिंत धरून चालायच्या. सुया येईनाशा झाल्या. शेजारची काकू पहिल्यांदा म्हणालीच, "अगं पण परवा तर म्हातारीनं माझी सुई ओवून दिली." तुम्ही घोगऱ्या आवाजात तिला सांगितलंत की अंधारी महिनाभरापासूनच येत होती, कुणाला बोलले नव्हते. ओट्यावरची तुमची जागा गेली. गल्ल्यावर आंधळ्या बाईला कोण बसवणार? तुम्ही आतल्या खोलीत बसून, दुकानात कोण आलं ते आवाजावरून ओळखल्याचं सोंग करायच्या, आणि खरं म्हणजे फटीतून बघायच्या. मोफत मोतीबिंदूचं शिबिर आलं तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी तुमचं नाव सगळ्यात वर घातलं. डॉक्टर बघणार आणि म्हणणार, हिला तर काहीच झालं नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत, "दवाखान्याचं नाव काढू नका माझ्यापुढं. बघायचं ते समदं बघून झालंय." पुढारी हळहळत गेले. दार लागल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, आता पुरे करा. लोक विसरले." तुम्ही म्हणालात, "लोक इसरत न्हाईत. तू जीभ धू म्हणाली व्हतीस, ते परवाच्या लग्नात बी कुणीतरी काढलं. तुझं पोरगं अजून बारकं हाय."

सव्वा वर्षानं पोटातली नळी काढली. तोंडानं पातळ सुरू झालं होतं, पण तुम्हाला भाकरी पाहिजे होती. रोज एकच, "भाकरी कवा?" एक दिवस औरंगाबादच्या डॉक्टरनं हो म्हटलं, दुधात पार लगदा करून. मी बाजरीची भाकरी थापली. इतकी पातळ मी जन्मात थापली नव्हती. कुस्करली, दुधात तासभर भिजवली, चाळणीवर रगडली. तुम्ही पाठीला उशी लावून ताठ बसलात. मालक दुकान सोडून दारात येऊन उभे. तुम्ही घास घेतलात, जिभेवर फिरवलात, डोळे मिटलेत. गळ्याचा मणी वर गेला आणि तिथंच थांबला. मी तुमच्याकडं बघत होते आणि माझाच श्वास अडकला होता. मग तो खाली आला. "उतरली," तुम्ही म्हणालात. मालक तोंडावर उपरणं घेऊन परसात गेले. तुम्ही दुसरा घास घेतलात आणि म्हणालात, "पीठ जुनं हाय. कडू लागतंय." मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि इतकी लाजही. ज्या तोंडानं मी तुम्हाला जीभ धुवायला सांगितली त्या तोंडानं मला रडताही येईना.

त्यानंतर तुम्ही आठ-नऊ वर्षं जगलात. वर्षातून एक-दोन खेपा दांड्यांसाठी, बाकी दुधातली भाकरी, मऊ भात. ठेचा तुमच्या जिभेला परत लागला नाही. एका थंडीत छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत गेलात. आपल्यात बसवून माती देतात. कपाळाला विभूती लावून तुम्हाला बसवलं तेव्हा बाया म्हणाल्या, बिचारीला शेवटी शेवटी काहीच दिसलं नाही. मालकही पुढं गेले. त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना त्यांच्या आईचे डोळे ठाऊक होते, म्हणजे माझं खोटंही ठाऊक होतं. त्याच्या पलीकडचं मात्र नाही. ते फक्त तुम्हाला.

आता ते लिहिते, नाही तर एवढी पानं कशाला नासली. मी परसात नव्हते. तेल अजून तापायचं होतं. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी हात पुसत उभी होते. तुम्ही आलात, तांब्यासाठी वाकलात, ते मी बघितलं. तुमचा हात वाळूकडं गेला ते बघितलं. माझ्या मनात आलं, आता ह्या विचारतील, ह्यात काय ठेवलंय गं म्हणून. विचारतील आणि हरतील. म्हणून मी थांबले. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढंच. आणि तुम्हीही विचारलं नाहीत, कारण तुम्हालाही हरायचं नव्हतं. मान मागं टाकायच्या आधी तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला मी दिसले होते. मी बघत उभी आहे हे तुम्ही बघितलं होतं, आणि मग दहा वर्षं तुम्ही गावाला सांगत राहिलात की तुम्हाला काही दिसत नाही.

पुढच्या महिन्यात नातीला चष्म्यासाठी परत न्यायचं आहे. त्या डॉक्टरला सांगेन की ते खोडा, म्हातारीचे डोळे माझ्याहून चांगले होते. कसं कळलं विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. हा कागद मी नातीच्या वहीतून फाडून घेणार आहे.

इतकी वर्षं मी मनाची एक समजूत घालत आले आहे, की अबोल्यात तुमच्याशी बोलायचं नव्हतं, आणि त्या दुपारी मांजर घरात नव्हती, मग सांगायचं कुणाकरवी. पण मांजर होती, आत्याबाई. उंबऱ्यातच बसली होती, माझ्या पायाशी.